तीन ठिपक्यांचं लुगडं

१

मंगळवारी सकाळी मेघा गजभियेनं माझ्या इस्त्रीच्या टेबलावर एक बोचकं टाकलं अन् ती रडायलाच लागली. येत्या रविवारी जिचं लग्न ती पोरगी अशी हमसून रडते म्हटल्यावर माझा हात जागच्या जागी थांबला. एका वकिलाचा पांढरा शर्ट करपता करपता वाचला.

"मावशी, मायाबाई वर आहेत का?" ती म्हणाली. "आजीचं लुगडं कोणीतरी खराब केलं."

माझ्या तोंडून "माय वं!" निघालं, दुसरं काही सुचलंच नाही.

मी वंदना. नागपूरच्या इंदोऱ्यात सोळा वर्षांपासून माझं इस्त्रीचं दुकान आहे, अन् माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तसंच गजभियांच्या घरचं ते लुगडंही सगळ्या गल्लीला माहीत आहे. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी मेघाच्या आजीनं नेसलेलं पांढरं सुती लुगडं. आजी जाऊन बारा वर्षं झाली. मेघाचे आबा, म्हणजे धोंडबा गजभिये, नव्वदीला टेकले आहेत, पण दर दसऱ्याला स्वतःच्या हातानं ते पेटीतून काढतात, उन्हात ठेवतात अन् कडूलिंबाच्या पाल्यात घालून पुन्हा पेटीत ठेवतात. त्यांचा एकच हुकूम, त्याला साबण लावायचा नाही. मेघा लग्नात पांढऱ्या साडीवर तेच लुगडं शालीसारखं घेणार होती.

मी बोचकं सोडलं. सबंध लुगड्यावर विटकरी-पिवळे पट्टे होते, कुठं फिके तर कुठं गडद. ब्लीचचा वास अजून येत होता.

"काल पेटी उघडली तर हे असं," मेघा म्हणाली. "आई म्हणते, ब्लीचची बाटली घरात एकाच माणसाजवळ असते. म्हणजे वहिनीजवळ. दादा वहिनीशी बोलून नाही राहिला. आबा कालपासून जेवले नाहीत. अन् वहिनीनं बॅग भरून ठेवली. म्हणते, लग्न झालं की मी जाते."

वहिनी म्हणजे अस्मिता. शहरातल्या महाल भागातली मुलगी. सात महिन्यांपूर्वी तिनं अन् अंकुशनं कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून तिच्या माहेरचं दार अर्धंच उघडं आहे. इथून निघाली तर ती जाणार कुठं, हा विचार माझ्या डोक्यात आला तसा माझा पारा चढला.

"चल वर," मी म्हटलं. "रडणं बंद कर. त्या लुगड्यावर डोळ्याचं पाणी सांडू नको, आधीच त्याचे हाल कमी नाहीत."

२

मायाबाई खोब्रागडे माझ्या दुकानाच्या वर राहतात. एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. रक्त, औषधं, शाई, हळद, सगळ्यांशी त्यांची ओळख. आता घरी बसून लोकांचे पांढरे कपडे निर्मळ करून देतात. मशीन नाही. चार बादल्या, लिंबं, सोडा, एक जुनं भिंग अन् गच्चीवरचं नागपूरचं ऊन. मे महिन्यातल्या ज्या उन्हाला सारं शहर शिव्या घालतं, त्याला मायाबाई म्हणतात, "माझा बिनपगारी नोकर आहे तो."

मी त्यांचं कौतुक उगाच करत नाही. मागच्याच महिन्यात एक अनोळखी माणूस शर्ट घेऊन आला. मायाबाईंनी तो नुसता खिडकीजवळ धरला अन् म्हणाल्या, "भाऊ, वाडीले राहता का?" माणूस चाट! तो नागपूरच्या कडेच्या वाडीतल्या एका गोदामात कारकून निघाला. "तिकडल्या बोरिंगच्या पाण्यात लोखंड लय," त्या म्हणाल्या. "ब्लीच टाकलं की ते पाण्यातून निघून कपड्यावर बसते. तुम्ही जितकं पांढरं कराले जाल तितकं पिवळं होईल." असं डोकं परमेश्वरानं दिलं म्हणावं तर बाई परमेश्वराला मानत नाहीत, म्हणून एकतीस वर्षांच्या नोकरीनं दिलं म्हणू.

मेघाला त्यांनी आधी पाणी दिलं, मग लुगडं गच्चीवर नेऊन चादरीवर पसरलं. कोणी केलं, कधी केलं, एक शब्द विचारला नाही. गुडघे टेकून भिंगातून पाहत एका टोकापासून निघाल्या अन् पदराच्या काठाशी येऊन थांबल्या.

"इथं पाह्य वं वंदना."

काठाच्या कोपऱ्यात, एका ओळीत, तीन काळपट ठिपके होते. ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यांच्या भोवतालचं कापड झिरझिरीत झालेलं. बोट लावलं असतं तर आरपार गेलं असतं.

"बाकी कापड फक्त बुडवलं," मायाबाई म्हणाल्या. "इथं मात्र कोणीतरी जीव खाऊन घासलं. चिमटीत धरून, ब्लीच ओतून, घास घास घासलं. तरी ठिपके जिथल्या तिथं."

"कशाचे आहेत ते?" मेघानं विचारलं. "मी पहिल्यांदाच पाहून राहिली."

मायाबाई भिंग पुसत बसल्या. उत्तर त्यांना माहीत होतं, हे मी त्यांच्या तोंडावरून ओळखलं. पण त्यांनी दिलं नाही.

३

आधी त्यांनी लुगड्याला साध्या गाळलेल्या पाण्यातून पाच वेळा काढलं. "ब्लीच अन् लिंबू एकत्र आलं की विषारी हवा सुटते, छातीत बसते," त्या मेघाला म्हणाल्या. "आधी ब्लीचचा वास जाऊ दे पुरता." मग एका कोपऱ्यावर मीठ भुरभुरलं, लिंबू पिळलं अन् कोपरा उन्हात ठेवला. पाऊण तासात विटकरी रंग फिकट होऊन तिथं पांढरं दिसायला लागलं.

मेघानं टाळीच वाजवली. मायाबाई मात्र गंभीर झाल्या.

"हा गंज आहे, मेघा. लोखंडाचं पाणी. तुमच्या घरी नळ कोणता?"

"कॉर्पोरेशनचा. बोरिंग नाही आमच्याकडं."

"तुझ्या वहिनीनं घरच्या नळावर ब्लीच लावलं असतं तर कापड कमजोर झालं असतं, असं रंगलं नसतं. हे लुगडं धुतलं ते तुमच्या घरात नाही. घराबाहेर जाऊन आलं हे."

मी अन् मेघा एकमेकींकडं पाहत राहिलो. सत्तर वर्षांत जे लुगडं दसऱ्याच्या उन्हाशिवाय कुठं गेलं नाही, ते कोणाच्या तरी थैलीत बसून कुठंतरी फिरून आलं होतं!

"वाडी!" मी ओरडलेच. "अंकुश वाडीलेच तर आहे कामाले!"

"ओरडू नको," मायाबाई म्हणाल्या. "चहा प्यायला जाऊ त्यांच्याकडं."

४

गजभियांच्या घरात मांडवाचं सामान पडलं होतं, पण लग्नघरासारखा आवाज नव्हता. धोंडबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. आमचा जयभीम त्यांनी हात उचलून घेतला, बोलले नाहीत.

मेघाची आई जया चहा घेऊन आली. नवरा गेल्यावर अंगणवाडीच्या नोकरीवर दोन लेकरं मोठी केलेली बाई. कोणाचं ऐकून न घेणारी, पण कष्टाला वाघीण. चहाचे पेले तिनं पदरात धरून आमच्यापुढं ठेवले.

"कामं आटोपली का वं जया?" मायाबाईंनी विचारलं.

"कायची आटोपतात! पत्रिका तेवढ्या संपल्या. रविवारी वाडीले जाऊन भावाले शेवटली देऊन आली. मसाला कांडपाच्या गिरणीवरून तयार आला. मन लागत नाही पण कशात." तिनं आतल्या खोलीकडं मान केली. "घरात आलेल्या माणसाले घरच्या वस्तूची किंमत नसली की असं होते."

"तू तिले पाहिलं का धुताना?"

"पाहाले कशाले पाहिजे? बाटली तिची, अर्धी झाली ना ती!"

मी तोंड उघडणार होते, तर मायाबाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला. बाईंचा पाय चांगलाच जड आहे.

तेवढ्यात अंकुश आला. मी त्याच्याकडं बारीक पाहिलं. वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायजर आहे तो, त्याचे शर्ट मीच इस्त्री करते, अन् गोदामावर धुतलेला प्रत्येक शर्ट कॉलरपाशी पिवळा असतो.

"रविवारी कुठं होता गा?" मायाबाईंनी सरळ विचारलं.

"ड्युटीवर. गोदामात." तो चिडला. "मी काहून आजीचं लुगडं धुऊ? मले माझा रुमाल घडी करता येत नाही, विचारा आईले."

"अन् बायकोले विचारलं का तू? एकदा तरी, नीट?"

अंकुश बुटाची लेस सोडायला वाकला. मग माझ्यानं राहवलं नाही. "सात महिन्यांपूर्वी कोर्टात सही करताना तर मोठा हिरो होता," मी म्हटलं. "आता तोंडात मूग भरले काय?"

मायाबाईंनी यावेळी पाय ठेवला नाही. त्यांनी चहा संपवला अन् मेघाला हळूच विचारलं, "काल पेटी उघडली तेव्हा लुगड्याची घडी कशी होती?"

"आबा करतात तशीच. चौकोनी, मधी पाला."

"पाला ताजा की वाळका?"

"ताजा होता," मेघा म्हणाली.

५

अस्मिता आतल्या खोलीत पोरांच्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती. शाळेत शिकवते ती. बॅग दाराशी उभी होती, तिच्यावर पांढरी नवी साडी घडी करून ठेवलेली, लग्नात नेसायची. आम्हाला पाहून ती उठली, खुर्च्या रिकाम्या केल्या. डोळे सुजले होते, पण रडगाणं एक नाही.

"रविवारी घरात कोण होतं?" मायाबाईंनी विचारलं.

"मी आणि आजोबा. मेघा मैत्रिणींकडे होती. आई वाडीला गेल्या होत्या, चार वाजता आल्या. संध्याकाळच्या भाकऱ्या मीच केल्या. मिरच्या कुटून हातांची आग होतेय, असं आई म्हणाल्या."

"म्हणजे दुपारभर तू अन् खाटेवरचे आजोबा. पेटीची किल्ली ही इथं खिळ्यावर. बाटली तुझी. मग लोकांनी काय समजावं?"

"समजू देत," ती म्हणाली. तिची नजर हलली नाही. "मी नाही धुतलं. याहून जास्त मला काही सांगायचं नाही."

"सांगायचं नाही की सांगता येत नाही?"

अस्मिता टेबलावरचा गठ्ठा सरळ करायला लागली. मायाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या लुगड्याच्या कोपऱ्यात तीन डाग आहेत. जुने. ते निघतील का म्हणून मेघा विचारत होती."

"नाही, नाही! ते काढू नका!" अस्मिता एकदम पुढं आली. "ते डाग नाहीत. बिब्ब्याच्या खुणा आहेत, धोबी कपड्यावर करतात तशा, आजोबांनीच केलेल्या. रोज दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवते ना, तेव्हा त्यांनी सांगितलं. छप्पन साली गावच्या सगळ्या बायकांची लुगडी एकसारखी होती, आजींचं ओळखू यावं म्हणून. ते गेले तर आजोबांचं काहीच राहणार नाही."

इतक्या वर्षांत ज्या घरातल्या पोरांनी ते ठिपके धड पाहिले नव्हते, त्या घरात सात महिन्यांपूर्वी आलेली मुलगी त्यांचा इतिहास सांगत होती.

मायाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बॅग उघडून ठेव," त्या म्हणाल्या. "कपडे कोंडून राहिले की त्यांना वास येते."

परत येताना मी म्हटलं, "सुटली ना पोरगी? ज्यानं धुतलं त्याले ते ठिपके डाग वाटले. हिले तर माहीत होतं!"

"बरोबर बोलली. ही नाही. अंकुशही नाही, त्याले अशी घडी जन्मात जमायची नाही. अन् पेटीत ताजा पाला घालायचं पोट्ट्याले सुचतही नाही."

"मग?"

"उद्या तीन डझन लिंबं आणू. सगळ्या घराले गच्चीवर बोलावू."

६

बुधवारी अकरा वाजता ऊन असं की गच्चीवर पाय ठेवता येईना. मायाबाईंनी ओल्या गोणपाटावर लुगडं पसरलं, सगळ्यांना सावलीच्या पट्टीत बसवलं अन् प्रत्येकाच्या हातात अर्धं अर्धं लिंबू दिलं. धोंडबांनाही खुर्चीवर आणून बसवलं होतं. त्यांनी लुगडं पाहिलं अन् मान फिरवली. ते पाहवलं नाही मला.

"आबा, रविवारपर्यंत पांढरं होते," मायाबाई म्हणाल्या. "पण घरच्यांचे हात लागले पाहिजेत. मीठ टाकलं आहे. जिथं विटकरी दिसते तिथं पिळा. घासू नका."

मेघा पिळायला लागली. अंकुश पिळायला लागला, निम्मं स्वतःच्या पँटवर. अस्मिता दूर बसून पिळत होती. जयानं लिंबू उचललं, दाबलं, अन् तिच्या तोंडातून "स्स्स" असा आवाज निघाला. लिंबू खाली पडलं. तिनं उजवा हात पदरात लपवला.

क्षणभर सगळे तिच्याकडं पाहायला लागले. त्याच क्षणी अस्मिता उठली, पडलेलं लिंबू उचललं अन् सासूच्या पुढ्यात बसली.

"द्या आई, तुमच्या वाटचं मी पिळते," ती हळू आवाजात म्हणाली. "मिरच्यांची आग लवकर जात नाही."

जयाचा चेहरा पांढराफटक पडला. अंकुशला काही कळलं नाही, मेघाला काही कळलं नाही. मायाबाईंनी शांतपणे पुढचं लिंबू कापलं.

सगळे गेल्यावर मी फुटलेच. "मसाला कांडपावरून आला म्हणे, मग मिरच्या कुटल्या कोणी? काल चहाचे पेलेही पदरात धरून आणले होते! अन् वाडीले भावाच्या खोलीवर बोरिंगच असणार! चला, आत्ताच्या आत्ता सांगू सगळ्यांले!"

"बस खाली," मायाबाई म्हणाल्या. "ब्लीचनं बोटाची सालटं निघाली तिच्या. चिमटीची दोन बोटं, जिनं ते ठिपके घासले तीच. मले काल पेले पाहूनच शंका आली होती. पण ते सोड. तुले दुसरं काही दिसलं का?"

"काय?"

"ती पोरगी. तिले सोमवारपासून माहीत आहे. सासू रविवारी वाडीवरून आली, बोटं सोललेली, बाटली अर्धी. तिनं सारं जोडलं, अन् तोंड शिवून बसली. नवरा बोलत नाही, सासू नाव ठेवते, बॅग भरून तयार आहे, तरी सांगत नाही. आताही पाहिलं ना, सासूचं पितळ उघडं पडून राहिलं होतं, तर हिनं वरून झाकण ठेवलं."

एवढ्याशा जिवात एवढं मोठं मन! माझे डोळे भरून आले, आता ते लिंबानं म्हणा हवं तर.

"मग आपण काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. जुना डाग घासून काढला तर कापड फाटते, वंदना. तो भिजू द्यावा लागते, मग आपोआप सुटते. ही बाई वाईट नाही. पाह्य, दोन दिवसात येते ती."

७

माझा विश्वास नव्हता. गुरुवार गेला. शुक्रवारची दुपार गेली. लुगडं रोज लिंबात, रोज उन्हात, रोज साध्या पाण्यात. विटकरी रंग पळाला अन् त्याच्याबरोबर सत्तर वर्षांचा पिवळेपणाही पळायला लागला. झिरझिरीत कोपऱ्याला मायाबाईंनी मागून मलमलीचा तुकडा बारीक टाक्यांनी लावला. ठिपक्यांना हात लावला नाही. अशी नाजूक नजर अन् असे दणकट हात एकाच बाईला कसे मिळाले, हे मला सोळा वर्षांत कळलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. जया होती. तिच्यामागं अंकुश, मेघा, अस्मिता, अन् अंकुशच्या खांद्याचा आधार घेतलेले धोंडबा. जयानंच सगळ्यांना आणलं होतं.

"मायाबाई, तुम्हाले माहीत आहे," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "पण मले माझ्या तोंडानं सांगाचं आहे. लुगडं मी धुतलं."

अंकुशनं धोंडबांना गच्चीवरच्या खुर्चीत बसवलं.

"पोरीच्या लग्नात सगळं शहर येणार. पिवळं पडलेलं लुगडं अंगावर पाहून लोक म्हणतील, मायला साधं धुता आलं नाही. मामंजी साबण लावू देत नाहीत, म्हणून त्यांच्या लपून, हिच्या बाटलीतलं अर्धं ब्लीच घेऊन, भावाकडं नेलं. म्हटलं, पांढरंशुभ्र करून ठेवते, मेघा पेटी उघडेल तर खूश होईल. ते तीन डाग तर निघेचनात. घासून घासून बोटं सोलली. अन् पाण्यातून काढलं तर हे असं! माझा जीवच गेला. तिथंच वाळवलं अन् घरी आणून, ताजा पाला घालून, घडी करून ठेवून दिलं." तिनं श्वास घेतला. "सोमवारी सगळे विचाराले लागले, अन् माझ्या तोंडून बाटलीचं निघालं. एकदा निघालं ते निघालं. मग रोज वाटे, आता सांगते, आता सांगते."

ती सासऱ्यांच्या पायाशी वाकली, पण धोंडबांनी तिला खांद्याला धरून थांबवलं. चार दिवसांनी त्यांचा आवाज निघाला.

"माझ्याशी नाही बोलाचं. तिच्याशी बोल."

जया अस्मिताकडं वळली. हात जोडायला गेली तर पोरीनं तिचे दोन्ही हात, सोललेल्या बोटांसकट, आपल्या हातात धरले.

"तू काहून नाही सांगितलं वं?" जया रडत म्हणाली. "तुले माहीत होतं ना?"

"तुम्ही मेघासाठी केलंत ते," अस्मिता म्हणाली. "लग्नाच्या आठवड्यात सगळ्यांनी तुमच्यावर रागवावं, हे मला बरं वाटलं नाही. माझ्यावर तर कोणी ना कोणी रागावणारच होतं, आज नाही तर उद्या. मला वाटलं, माझं मी सोसेन."

अंकुश बायकोजवळ येऊन खाली बसला. त्याची मान वर होईना. मी त्याला काही बोलले नाही. माझ्यासारखीनं गप्प बसावं म्हणजे बघा!

८

रविवारी सकाळी गजभियांच्या अंगणात बायकाच बायका, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. मेघाच्या खांद्यावर आजीचं लुगडं होतं. ते निळीनं पांढरं केल्यासारखं डोळ्यात घुसणारं पांढरं नव्हतं, तापवलेल्या दुधाच्या सायीसारखं होतं. बायका हात लावून पाहत होत्या अन् मायाबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, जसं काही त्यांचं देणंघेणंच नाही.

निघायची वेळ झाली तरी धोंडबा उठेनात. "मायाबाई, ते आणलं का?" त्यांनी विचारलं.

मायाबाईंनी पिशवीतून एक बिब्बा, एक सुई अन् चुन्याची डबी काढली.

"आबा, तीनच ठिपके काहून केले होते?" मेघानं विचारलं. आता ते ठिपके तिच्या खांद्यावर सगळ्यांना दिसत होते.

म्हातारा हसला. "दीक्षेले जाताना कन्हान नदीच्या काठी मुक्काम होता आमचा. बायांनी नव्या लुगड्यांची खळ काढाले सगळी नदीत धुतली अन् रेतीवर वाळू घातली. सारी पांढरी, सारी सारखी. पाहून छाती भरून आली, पण आपलं कोणतं ते कळेना! एक ठिपका दिला असता तर लोक म्हणते डाग पडला. दोन दिले असते तर म्हणते, चुकून दोनदा पडला. तीन दिले, म्हणजे कोणी तरी मुद्दाम दिले. हे माणूस माझं आहे, म्हणून दिले."

मग ते जयाकडं वळले. "आज साऱ्याच साड्या पांढऱ्या. उद्या एकाच दोरीवर वाळतील. तुझ्या सूनबाईची हरवली तर?"

जया समजली. तिनं बोटांना चिंधी गुंडाळली, बिब्ब्यात सुई टोचली अन् अस्मिताच्या पुढ्यात खाली बसली. अस्मितानं नेसलेल्या, त्या बॅगेवरच्या नव्या कोऱ्या साडीचा पदर तिनं गुडघ्यावर घेतला.

"आई, डाग पडेल ना!" अस्मिता म्हणाली.

जयानं पहिला ठिपका दिला. मग दुसरा. तिसराही बरोबर ओळीत पडला. रंग पक्का बसावा म्हणून तिनं वरून चुना लावला अन् डोळे पुसले.

"पडू दे," ती म्हणाली. "मायाबाईले विचार पाहिजे तर. हा जन्मात निघत नाही."